अर्जाला हेल नसतो

ब्रिटनच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या मराठी डॉक्टर बंधुभगिनींनो,

अधिवेशनाच्या अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. पेन्शन, प्रशिक्षणाच्या जागा, व्हिसा, सगळ्यावर सचिवांनी टिपण काढलं आहे. चहाच्या वेळी वाचा. मला जे बोलायचं आहे ते कित्येक वर्षं पोटात राहिलं आहे.

सकाळी एक तरुण मित्र म्हणाले, आपल्याला डावलतात ते रंगामुळे नव्हे, इंग्रजीच्या हेलामुळे. दुसऱ्यांनी विचारलं, पुरावा काय? मी एका जिल्हा रुग्णालयात वृद्धोपचाराचा कन्सल्टंट होतो. (आमच्या पिढीतले इतके जण वृद्धोपचारातच कसे पोचले, हा आणखी एका भाषणाचा विषय.) एकदा कनिष्ठ डॉक्टरच्या जागेसाठी छाननीला बसलो. समितीप्रमुखांनी पहिल्या पानावरची नावं वाचत अर्जांचे दोन गठ्ठे केले. एक गठ्ठा ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला सरकवला. मुलाखतीची यादी दुसऱ्यातूनच भरली. मी म्हटलं, नावं झाकून पुन्हा वाचू या. त्यांनी चष्मा काढला. “आम्ही वंशद्वेष्टे आहोत असं म्हणायचंय तुम्हाला?” विषय तिथेच मिटला. मित्रहो, अर्जाला हेल नसतो.

या देशात वंशभेदाची चौकशी म्हणजे बहुतेक वेळा तक्रारदाराची उलटतपासणी. कागद साहेबाच्या कपाटात, आणि पुरावा आणायचा डावललेल्याने! ज्यांनी ही रीत उलटवली त्यांनाच काही सापडलं. 1967 साली एका संशोधन संस्थेने इंग्रज, हंगेरियन आणि गौरेतर असे उमेदवार एकाच नोकरीच्या, एकाच घराच्या चौकशीला पाठवून पाहिले. हंगेरियनही परकाच होता, पण दारं बंद झाली ती मुख्यतः तिसऱ्याला. पुढच्याच वर्षी कायदा नोकरी आणि घरांपर्यंत पोचला.

लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय महाविद्यालयाचं प्रकरण तर प्रत्येकाने वाचावं. तिथे प्रवेशअर्जांची पहिली चाळणी संगणक करी. प्रोग्राम जुन्या निवडकर्त्यांच्या निर्णयांवर बेतलेला होता, म्हणून बायका आणि अयुरोपीय नावाचे उमेदवार यांचे गुण आपोआप कापले जात. त्याच महाविद्यालयातल्या दोन डॉक्टरांनी हे उघडकीला आणलं, आणि 1988 साली वांशिक समानता आयोगाने महाविद्यालयाला दोषी धरलं. माणसांचा पूर्वग्रह त्या एका ठिकाणी लेखी सापडला, म्हणून सिद्ध झाला. गंमत म्हणजे लंडनच्या इतर बऱ्याच महाविद्यालयांपेक्षा तिथे गौरेतर विद्यार्थी जास्त होते. बाकीच्यांकडे प्रोग्राम नव्हता, एवढंच.

1993 साली अनीझ इस्माइल आणि सॅम एव्हरिंग्टन या डॉक्टरांनी रुग्णालयांतल्या जागांसाठी सारख्या पात्रतेचे अर्ज जोडीजोडीने पाठवले, एक इंग्रजी नावाचा, एक आशियाई. इंग्रजी नावाला मुलाखतीची बोलावणी दुप्पट आली. आणि अटक कोणाला झाली? खोटे अर्ज केले म्हणून या दोघांना!

स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या चौकशीनंतर 1999 साली मॅक्फर्सन अहवालाने लंडन पोलिसांत संस्थात्मक वंशभेद असल्याचं सांगितलं, 70 शिफारशी केल्या. 2023 च्या केसी अहवालाला त्याच दलाबद्दल पुन्हा तेच म्हणावं लागलं. शिफारशी करणारे थकत नाहीत, ऐकणारेही थकत नाहीत.

आता जरा कडू बोलतो. 2013 साली संसदेने समानता कायद्यात जातीचा समावेश करायचं ठरवलं. ‘इथे जातिभेद आहेच कुठे, पुरावा काय?’ हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला? आपल्याच समाजातल्या संघटनांनी. 2018 मध्ये सरकारने ती तरतूद सोडून दिली. ज्या वाक्याने आपल्याला अर्ध्या जन्मभर गप्प बसवलं, ते दलित बांधवांना ऐकवताना आपली जीभ अडखळली नाही. एकीकडे चौकशी मागायची आणि दुसरीकडे अडवायची, हे मला मान्य नाही. कोणाला राग येत असेल तर येऊ द्या.

तपशील कार्यकारिणी ठरवील, पण निवड समित्यांवर बसणाऱ्यांनी आपापल्या ठिकाणी अर्ज किती, बोलावणी किती, नेमणुका किती हे नावनिहाय नव्हे, गटनिहाय लिहून ठेवायला लागावं. आकडे सचिवांकडे द्या. आणि पुढच्या अधिवेशनात जातीवरचा परिसंवाद मुख्य सभागृहात ठेवा, जेवणाच्या वेळेला नको.