बिनकामाचे बाहेर पडणे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत बोलण्याची मला सवय नाही. तेव्हा काही उणेअधिक झाले तर सांभाळून घ्यावे, ही प्रथम विनंती.

गेल्या वर्षी माझी थोरली मुलगी पुणे विद्यापीठात शिकायला गेली. तिची व्यवस्था लावून देण्याच्या निमित्ताने मी पंधरा दिवस नणंदेकडे राहिले. वन्सं माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. दुसऱ्याच दिवशी पहाटे साडेपाचला त्यांनी मला उठवले व म्हणाल्या, "चल, टेकडीवर जाऊन येऊ." मी विचारले, "देवदर्शनाला का?" त्या म्हणाल्या, "नाही गं, नुसतं जायचं." नुसते जायचे म्हणजे काय, ते मला उमजेना.

वेताळ टेकडीवर जाऊन पाहते तो काय! पेन्शनर मंडळी, विद्यापीठातली मुले-मुली, साडीवर कॅनव्हासचे बूट घातलेल्या आजीबाई, सारी चालत होती. कोणी घरून बाटलीत पाणी आणून रोपांना घालीत होते. झाडीतून मोर ओरडत होता. "कुठं निघालात? काय काम काढलंत?" असे कोणी कोणाला विचारीत नव्हते. या टेकडीतून रस्ता काढण्याचे घाटत होते, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये हजारो पुणेकर मोर्चाने निघाले. जिथे रोज आपले पाऊल पडते, ती जागा माणसाला आपली वाटते आणि मग तिच्यासाठी तो उभा राहतो.

निघायच्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, आपल्याकडे तर समुद्र आहे. तू कितीदा जातेस?" मी मनाशी हिशेब केला. बावीस वर्षांच्या संसारात मी केळव्याच्या समुद्रावर चार वेळा गेले, आणि चारही वेळा पाहुण्यांबरोबर, हातात जेवणाचे डबे घेऊन. पाहुण्यांनी समुद्र पाहिला, मी डबे राखले.

भगिनींनो, आपल्याकडे विद्यापीठ नसेल, पण काय कमी आहे? केळव्याला शीतलादेवीचे देऊळ, सुरूची दाट बने, वाटेवर पानवेलींच्या वाड्या. शिरगावचा किल्ला. मनोरच्या रस्त्यावर वाघोबाची खिंड. बोईसरकडच्या भगिनींना चिंचणीचा किनारा. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत धावते, त्यामुळे दूरची मंडळी सुट्टीला येथे येतात. सातपाटीच्या कोळणींना समुद्र नवा नाही, पण त्यांच्याही वाट्याला तो येतो पाटीतूनच.

परत आल्यावर मी शेजारच्या एका ताईंना "चला" म्हटले. त्यांना विचारूनच हे सांगते आहे. यजमान गेल्यापासून दोन वर्षे त्या रेशन आणि बँक याखेरीज कुठे गेल्या नव्हत्या. केळव्याला सुरूच्या सावलीत आम्ही तासभर बसलो. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. परतताना रिक्षात म्हणाल्या, "दोन वर्षांत मला 'चल' असं कुणी म्हटलं नव्हतं." मी मान खाली घातली. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत आहे. सणावारी मी त्यांच्याकडे ताट पाठवीत होते आणि शेजारधर्म झाला असे समजत होते.

आमच्या घरीही प्रथम कुरबुर झाली. सासूबाई म्हणाल्या, "रिकामटेकड्या बायका फिरतात." हे म्हणाले, "काम असेल तर जा, मी सोडतो." मी म्हटले, "काही काम नाही, म्हणूनच जाते." दोन महिन्यांनी सासूबाईंनीच विचारले, "वाळूत मला चालवेल का गं?" आता त्याही येतात.

बोईसरची गोष्ट आणखी निराळी. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पुढे कारखाने वाढले, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून कुटुंबे आली. एका जिन्यावर चार भाषा बोलल्या जातात, पण दारे मात्र बंद. भाषा येत नसली तरी बरोबर चालता येते. चालता चालता भाषाही येते.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सर्वांनी मिळून बाहेर पडावे. डबे न्यायचे नाहीत. चणे-शेंगदाणे पुरेत. पाण्यात कोणी उतरू नये, आणि भरती-ओहोटी गावच्या माणसाला विचारूनच किनाऱ्यावर जावे. पावसाळ्यात समुद्र वर्ज्य. आपला कचरा आपणच परत आणावा. आणि सर्वांत मुख्य, प्रत्येकीने आपल्या शेजारच्या, घरातच बसून असलेल्या एकीला बरोबर आणावे. जिला गुडघ्यांमुळे चालवत नाही, तिच्याजवळ एकीने बसावे.

घरची कामे काही संपायची नाहीत. ती संपल्यावर जाऊ म्हणाल, तर जाणे व्हायचे नाही. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मंडळाच्या दाराशी मी उभी आहे. एकटी येऊ नका, एवढेच मागणे.