लपविलेलें दुखणें

काखेंत गळूं झालें तर मराठी घरांत त्यास काखमांजरी म्हणतात. वडील माणसें पोटीस बांधतात, गळूं फुटतें, आणि पंधरा दिवसांत तें विसरलेंही जातें. परंतु कांहीं माणसांच्या वांट्यास निराळा अनुभव येतो. दोन महिन्यांनीं त्याच जागीं पुन्हा गळूं येतें. मग दुसऱ्या काखेंत, जांघेंत, बसण्याच्या जागीं, स्त्रियांना स्तनांखालीं. वर्षामागून वर्षें हें चालतें. गळवांना कातडीखालून वाटा फुटतात, पू झिरपतो आणि दोरीसारखे घट्ट वण राहतात. हीं सुटीं सुटीं गळवें नव्हेत. हा एकच जुनाट दाहाचा विकार होय. वैद्यकांत त्याचें नांव हायड्राडिनायटिस सप्युरेटिव्हा.

या नांवाचा अर्थ घर्मग्रंथींचा पुवाळणारा दाह. १८५४ मध्यें व्हर्नुई या फ्रेंच शस्त्रवैद्यानें या विकाराचा संबंध घामाच्या ग्रंथींशीं जोडला व तेंच नांव रूढ झालें. पुढें असें आढळलें कीं, आरंभ घर्मग्रंथींत नसून केसाच्या मुळाशीं आहे. केस ज्या बारीक नळींतून वर येतो तिचें तोंड बुजतें, नळी फुगून आंतल्या आंत फुटते, आणि शरीराची संरक्षक शक्ति तेथें गरजेपेक्षां अधिक जोरानें धांवून येते. गळवाला केसतूड म्हणणारी जुनी मराठी या बाबतींत शास्त्रीय नांवापेक्षां खऱ्याच्या अधिक जवळ होती!

नांवाची चूक पुस्तकांत राहिली असती तर फारसें बिघडलें नसतें. पण घाम म्हटला कीं मळ आठवतो, आणि मळ म्हटला कीं दोष रोग्याच्या माथीं येतो. वस्तुतः हा रोग अस्वच्छतेनें होत नाहीं आणि स्पर्शानें दुसऱ्यास लागत नाहीं. कित्येक कुटुंबांत तो पिढीजात आढळतो. २०१० मध्यें चीनमधील कांहीं कुटुंबांत त्याशीं संबद्ध असे आनुवंशिक दोषही सांपडले. तो बहुधा वयांत आल्यानंतर, ऐन तारुण्यांत सुरू होतो. अशा वयाची मुलगी जागेच्या संकोचानें आईलाही सांगत नाहीं. कपड्यावर डाग पडेल म्हणून मैत्रिणींत जाणें टाळते. रोगाची खरी ओळख पटेपर्यंत सरासरी सात वर्षें जातात, असें पाश्चात्य देशांतील पाहणींत दिसून आलें आहे. तो विरळा वाटतो याचें एक कारण हेंच कीं, तो लपविला जातो.

उपाय काय? नुसती चीर देऊन पू काढल्यानें ठणका थांबतो, पण रोग परत येतो. आरंभीं लावण्याचें औषध व कांहीं महिने पोटांत घेण्याचीं प्रतिजैविकें देतात. जुन्या वाटा झाल्यास शस्त्रवैद्य त्यांचें छत उघडून तळ स्वच्छ करतात. २०१५ पासून आडालिमुमॅब हें टोंचण्याचें औषध युरोप-अमेरिकेंत या रोगासाठीं मान्य झालें आहे. दाह भडकविणाऱ्या एका द्रव्यास तें अडवितें. मात्र तें देण्यापूर्वीं क्षयाची तपासणी अवश्य करावी लागते. समूळ बरें करणारें औषध अद्याप नाहीं. पण लवकर हातीं आलेला रोग पुष्कळ आटोक्यांत राहतो.

रोग्यानें विडी-सिगारेट सोडावी, वजन वाढलें असल्यास उतरवावें, सैल सुती कपडे वापरावे. गळूं पिळूं नये. दुखऱ्या जागीं वस्तरा फिरवूं नये. खरखरीत घांसण्यानें जागा अधिक चिघळते. मन खचत असेल तर तेंही डॉक्टरांस सांगावें. या रोगांत खिन्नता पुष्कळांस गांठते.

घरच्यांचें काम सोपें आहे. सहा महिन्यांत अशा जागीं दोनदां गळूं झालें तर "नीट आंघोळ करीत जा" असा उपदेश करूं नये. त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावें, आणि पूर्वीं कोठें व केव्हां गळवें झालीं तें सारें त्यांस सांगावें. त्या एका सांगण्यानें सात वर्षांचा भोग वांचूं शकतो.