कोकराचं वजन आणि चराईचा हक्क
(ग्रामसभांच्या बैठकीतील भाषण, थोडक्यात)



गावोगावी एकच विचारणा हाये. योजनेतून संकरित मेंढ्या येणार म्हणतात, घ्यायच्या का? कागदावर लिहिलेलं असते, कोकरू इतक्या महिन्यांत इतक्या किलोचं होते. मी म्हणतो, लगेच होही म्हणू नका, नाहीही म्हणू नका. आधी विचारा, हे वजन कुठं भरलं? गोठ्यात ढेप-मका चारून, की रानात चारून?

कोकरू कसं वाढते ते पाहा. हिशेबासाठी आकडे धरू. जन्मताना ३ किलो, तीन महिन्यांचं १२, सहा महिन्यांचं १८, वर्षाचं २४, दीड वर्षाचं २६. पहिल्या तीन महिन्यांत ९ किलो वाढ, शेवटच्या सहा महिन्यांत फक्त २. वास्ता जसा पावसाळ्यात झपाट्यानं उंच होतो आन् मग थांबतो, तसंच हे. शास्त्रज्ञ याचंच गणित मांडतात. त्यात दोन गोष्टी मुख्य: जनावर शेवटी किती वजनावर थांबणार, आणि तिथं किती लवकर पोचणार. मोठ्या हाडाचं जनावर सहसा उशिरा पोचते. मेंढी पुऱ्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश झाल्यावरच फळवावी. म्हणजे मोठ्या जातीची मेंढी जास्त दिवस पोसावी लागते, आन् उन्हाळ्यातही तिला जास्त चारा लागतो.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दख्खनी मेंढीचा संकर सुंदरबनातल्या गारोल मेंढीशी केला. गारोल अंगानं लहान, पण जुळी देते. तो गुण दख्खनीत आणला. चांगलं काम हाये. पण जुळी कोकरं जन्मतः हलकी असतात, आईला दूध जास्त लागते, आन् दूध चाऱ्यातूनच येते.

आपल्याकडं पावसाळ्यात कोकरू भरते. चैत-वैशाखात गवताची काडी होते, वाढ थांबते, कधी वजन घटते. त्यात चराईच्या जागी लागवडीचं कुंपण पडलं, तर कितीही चांगली जात आणा, वजन वाढणार नाही. जातीच्या अंगात जे हाये ते चाऱ्याशिवाय बाहेर येत नाही.

म्हणून दोन कामं करा.

पहिलं: आपल्याच दहा कोकरांचं वजन दर महिन्याला करा. सकाळी, चरायला सोडायच्या आधी. झोळीत घालून काट्याला टांगा, झोळीचं वजन वजा करा, वहीत लिहा. जन्माची तारीख आणि जुळं की एकटं, तेही लिहा. वर्षभरानं कोणती जात आपल्या रानात टिकते ते वहीच सांगेल.

दुसरं: चराईचा दावा टाका. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये चराईचा सामूहिक हक्क हाये, गावात राहणाऱ्यांचा आणि फिरत्या मेंढपाळांचाही. म्हणून कुरमार भावांना सोबत घेऊन बसा, वाद घालू नका. जुन्या चराईच्या जागा, पाणवठे, वाटा नकाशावर काढा. म्हाताऱ्यांचं म्हणणं लिहून घ्या, तो पुरावा धरला जाते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो ग्रामसभेनं एकीनं दावा लावून धरला म्हणून.

मेंढी योजनेतून येईल, उद्या जाईलही. रान राहिलं तरच कळप राहील. आधी चराईचा ठराव, मग मेंढीचा अर्ज.

जोहार.