मूठ किती किलोची?

(कामगार स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



हे यंत्र आधी सगळ्यांच्या हातून फिरू द्या. दाबून बघा, मोडत नाही. याचं नाव डायनामोमीटर. मूठ आवळली की काटा पुढे जातो आणि तिथेच थांबतो, म्हणजे जास्तीत जास्त किती जोर लागला ते किलोत वाचता येतं. ही घडण १९५४ सालची. हातावरच्या उपचारांत अजून हीच चालते.

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात केली. बाईने सुरू केलेली विद्या. पण ती हातात असूनही बाईवर अन्याय करता येतो, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. तेच आज सांगायचं आहे.

तिला शकुंतला म्हणू. प्रेस मशीनवर उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका, दोन्ही मुळापासून गेली. भरपाईच्या कामासाठी तिला माझ्याकडे तपासायला पाठवलं होतं. बाहेर रांग, आत कारखान्याचा माणूस उभा. मी तिला उभ्यानेच यंत्र दिलं, एकदाच दाबायला लावलं. काटा सहावर. मी लिहिलं, 'प्रयत्न अपुरा'. दोन शब्द. कोर्टकचेरीत त्याचा अर्थ एकच होतो: ही बाई नाटक करते.

दाराशी थांबून ती म्हणाली, "म्याडम, जोर लावला की खांद्यापर्यंत कळ जाते. आणि तो बघत होता. जास्त दाबलं तर तो म्हणणार हात बरा झाला, कमी दाबलं तर तुम्ही म्हणणार ढोंग करते. मी किती दाबायचं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मोजायची एक रीत ठरलेली आहे. अमेरिकेतल्या हस्तोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने ती १९८१ मध्ये सांगितली. बाईला खुर्चीवर बसवायचं, दंड अंगाला लागून, कोपर काटकोनात, तळहात ना वर ना खाली. मनगट सरळ किंवा किंचित मागे. यंत्राची मूठ पाच ठिकाणी सरकते, त्यातली दुसरी जागा धरायची. तीनदा मोजायचं, मध्ये हाताला दम घेऊ द्यायचा आणि सरासरी काढायची. दोन्ही हात मोजायचे. पुढच्या वेळीही शक्यतो तेच यंत्र आणि तपासणारी व्यक्तीही तीच. मी यातलं काय केलं होतं? काही नाही. तुमच्याबरोबरची बाई तपासायला जाईल तेव्हा एवढं लक्षात ठेवा आणि तिन्ही आकडे कागदावर मागा. दुखत असेल तर तेही लिहायला लावा.

ढोंग ओळखायची म्हणून एक युक्ती सांगतात. पाचही जागांवर मोजा. खरा जोर लावला तर आकडे आधी चढतात, मग उतरतात. सपाट आले तर माणूस खोटं बोलतो. ऐकायला शास्त्रीय वाटतं. पण हात मुळातच फार अशक्त असेल तर खऱ्या जोराचेही आकडे सपाटच येतात. दुखण्याने आणि भीतीनेही येतात. नुसत्या त्यावरून कुणाला खोटं ठरवू नये.

आणि तुलना कुणाशी? पुष्कळ ठिकाणी १९८५ मध्ये छापलेलं कोष्टक समोर ठेवतात. ते मिलवॉकी या अमेरिकन शहराच्या परिसरातल्या ३२८ बायका आणि ३१० पुरुषांवरून केलेलं आहे. तिथली बाई आणि आपली वीटभट्टीवरची बाई, हाड एक नाही, खाणं एक नाही, काम तर नाहीच. त्यापेक्षा तिचाच दुसरा हात बघावा. पण वीस वर्षं विड्या वळून दोन्ही हात झिजले असतील तर तोही साक्षीदार कच्चाच.

आता कायदा. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात बोटांचे भाव लावलेले होते: अंगठा ३० टक्के, चारी बोटं ५०, दोन बोटं २०, एकटी तर्जनी १४. असंच परिशिष्ट २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. बोट तुटलं नाही पण ताठलं, शीर कापली, पकड गेली, तर कमाईची ताकद किती घटली ते डॉक्टरने ठरवायचं. आपला आकडा तिथे उपयोगी पडतो. एक निकाल लिहून घ्या: प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता, सर्वोच्च न्यायालय, १९७५. सुताराचा डावा हात कोपरावर कापला गेला होता. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून कमाईची ताकद शंभर टक्के गेली असं न्यायालयाने मानलं. म्हणजे कोणता हात गेला एवढंच विचारायचं नाही, त्या हाताने ती काय करत होती तेही विचारायचं. आपल्या बायकांच्या अर्जात हा दुसरा प्रश्न बहुतेक वेळा कोराच असतो. आणि धुण्याला पीळ, भाकरीचं पीठ, पाण्याची कळशी यांचा तर त्यात रकानाच नाही.

उपचाराबद्दल थोडं. जखम भरली की कुणीही सांगतं, चेंडू दाबत जा. बोटाचा स्नायुबंध शिवला असेल तर असं करू नका, टाका आतून सुटतो. अशा हाताची पूर्ण जोराने मोजणी सुमारे १२ आठवडे तरी करत नाहीत. त्याआधी उपचार करणारे सांगतील तेवढंच. घरी मात्र तिसऱ्या दिवशी कपडे वाट बघत असतात. तेव्हा सासूला किंवा नवऱ्याला माझ्याकडे घेऊन या, मी समजावते. कधीकधी ऐकतात.

शकुंतलाला मी पुन्हा बोलावलं. या वेळी खोलीत आम्ही दोघीच. बसवून, तीनदा मोजलं: उजवा सरासरी ९ किलो, डावा २१. दुखणं कुठे सुरू होतं ते लिहिलं, प्रेसवर तिला काय धरावं लागायचं तेही लिहिलं. पण पहिला कागद फाईलमधून निघत नाही. समोरच्या वकिलाने सुनावणीत तोच वाचून दाखवला. पुढच्या तारखेला मी साक्षीला जाते आहे. तो शेरा माझ्या हातचा आहे आणि तो चुकीचा आहे, असं सांगायला.