ज्याची प्रार्थना फळली नाही त्याची साक्ष



संकटात विश्वास टिकवणे हा आपल्या ख्रिस्ती उपदेशांचा, गीतांचा आणि साक्षींचा लाडका विषय. पण आपण छापतो त्या बहुतेक साक्षींची चाल एकच असते. आजार आला, प्रार्थना केली, आजार गेला. नोकरी सुटली, उपास धरला, आधीपेक्षा बरी नोकरी लागली. या साक्षी खोट्या आहेत असे मी म्हणत नाही. मात्र ज्याचा आजार गेलाच नाही त्याने काय लिहायचे? त्याला आपल्या पानांवर फारशी जागा नसते, आणि विश्वासात टिकणे म्हणजे काय हे तर त्याच्याकडूनच कळण्याजोगे आहे.

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातला कळीचा प्रश्न सैतान विचारतो. ईयोब देवाचे भय धरतो ते काही न मिळवता का? गुरेढोरे, मुलेबाळे, गावात मान, एवढे पदरात पडल्यावर भक्ती कोण करणार नाही? प्रश्न कुत्सित आहे, पण गैरलागू नाही. सगळे हिरावले जाते तेव्हा सांत्वनाला आलेल्या तीन मित्रांचे तर्कशास्त्र वरकरणी बिनतोड असते: देव न्यायी आहे, तू दुःखात आहेस, म्हणजे तुझेच काही चुकले. ईयोब ते मानत नाही. तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवालाच वादाला बोलावतो. वावटळीतून देव त्यालाही चांगलेच सुनावतो, हे खरे. तरी अखेरीस देवाचा राग ओढवतो तो मित्रांवर, आणि माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, असा निर्वाळा मिळतो. यावर कोणी म्हणेल की शेवटी ईयोबाला दुप्पट मिळालेच, म्हणजे व्यवहार पुरा झाला. पण तो बोलत होता तेव्हा राखेत बसला होता. पुढे काय मिळणार हे त्याला ठाऊक नव्हते. आणि गेलेली मुले परत आली नाहीत. नवी जन्मली, ही गोष्ट वेगळी.

हे एकट्या ईयोबाचे नाही. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि 88वे स्तोत्र तर अंधारातच संपते. प्रेषित पौलाने आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिला. खुद्द येशूने वधस्तंभावर उच्चारले ते 22व्या स्तोत्रातले, टाकून दिल्याची तक्रार करणारे शब्द. म्हणून माझे म्हणणे असे: देवावर भरवसा ठेवणे म्हणजे तोंड मिटून सोसणे नव्हे. गाऱ्हाणे त्याच्याकडेच घेऊन जात राहणे, हा भरवसा.

आपल्या मातीत याचा पुरावा म्हणून पंडिता रमाबाईंकडे पाहावे. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, 1880 साली भाऊ, 1882 साली पती. वाडवडिलांच्या श्रद्धेवरचे त्यांचे मन त्या दुष्काळाने ढळले. व्रते, तीर्थयात्रा, दानधर्म सारे करूनही उपासमार टळली नव्हती. इथे विचारी माणूस अडवेल: मग दुसरी श्रद्धा तरी का टिकावी? 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही दुःखाने त्यांची पाठ सोडली नव्हती. 1893 साली पुण्यातल्या त्यांच्या शाळेवर, शारदा सदनावर, वादळ उठले, सल्लागारांनी अंग काढून घेतले, मुली काढून नेल्या गेल्या. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. मला उत्तर दिसते ते त्यांच्या भांडणांत. इंग्लंडमधल्या धर्मभगिनींशी त्यांनी पत्रांतून सिद्धांतांवरून खटके उडवले, चर्चचा अधिकार डोळे झाकून मानला नाही. आणि आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर जवळपास आठ वर्षांनी उमगले, असे पुढे स्वतःच लिहून ठेवले. देवघेवीच्या हिशेबावर उभी असलेली श्रद्धा दुष्काळात बुडते, मग ती हिंदूची असो की ख्रिस्ती माणसाची. समृद्धीची हमी देणारे आपले काही प्रचारक तोच हिशेब बायबलच्या भाषेत मांडतात, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दलितांना, गरिबांना, मारहाण सोसणाऱ्या बायकांना ‘देवावर सोपव’ असे सांगून गप्प बसवले गेले. भरवशाचा उपदेश जुलमाच्या पथ्यावर पडला. हे घडले आहे आणि घडत आहे. पण गप्प बसवणारा हा उपदेश ईयोबाच्या मित्रांचा आहे, ईयोबाचा नव्हे. रमाबाई देवावर सोपवून घरी बसल्या नाहीत. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी मुली आणल्या, केडगावला त्यांना ठेवले, शिकवले, छापखान्यात कामाला लावले. लक्ष्मीबाई टिळकही गप्प बसल्या नाहीत. 1895 साली त्यांच्या पतींनी, कवी टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला तेव्हाचा आपला आकांत ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी झाकून ठेवला नाही, पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्यावरही त्यावर गोड मुलामा चढवला नाही. आणि टिळकांच्या मागे त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुरे केले ते याच बाईंनी.

राहता राहिला एक आक्षेप: टिकलेल्यांची चरित्रे वाचून टिकण्याचे बळ सिद्ध होत नाही, कारण मोडलेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. हा मला मान्य आहे. विश्वास असला की माणूस मोडत नाही, असे मी म्हणतच नाही. ज्या मंडळीत गाऱ्हाणे मांडता येते, तिथे मोडू लागलेल्याला मंडळी सोडण्यावाचून आणखी एक वाट उरते, एवढेच माझे म्हणणे. 1842 साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ निघाल्यापासून आपल्या नियतकालिकांची परंपरा मोठी आहे. आज इथे बसलेल्या संपादकांना माझी विनंती की साक्षींच्या पानावर ‘प्रार्थना करतो आहे, उत्तर आलेले नाही’ असे लिहिणाऱ्याचा मजकूरही घ्यावा, आणि शेवटी आशेचे वाक्य जोडण्यासाठी तो परत पाठवू नये.