आवरून धरणारी प्रथिने



बेडकाच्या गर्भात पाठ कोणती आणि पोट कोणते, हे कसे ठरते, एवढाच प्रश्न आम्ही आज आपणांपुढे ठेवणार आहोत.

१९२४ साली जर्मनीत हान्स श्पेमान व त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. बेडकाचा भाऊबंद जो न्यूट, त्याच्या गर्भाचा एक कण त्यांनी दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडे रोवला. तेथे दुसरा गर्भ आकारू लागला. त्याची मज्जासंस्था बहुतांशी यजमानाच्याच पेशींची होती! म्हणजे तो कण शेजाऱ्यांना काही सांगत होता.

‘मज्जा व्हा’ असेच ना? पुढे आफ्रिकी बेडकात शोध घेतला, तेव्हा निराळेच निघाले. बीएमपी नावाचे वाढीचे प्रथिन पेशीच्या दारावर थाप मारून ‘त्वचा हो’ असे सांगते. नॉगिन (१९९२) आणि कॉर्डिन (१९९४) ही प्रथिने त्याला वाटेतच धरून ठेवतात. थाप न पडलेल्या पेशी मज्जेकडे वळतात. शिवाय कॉर्डिन तोडून बीएमपीला मोकळे करणारे प्रथिनही तेथे असतेच.

ही गोष्ट बेडकापुरती नव्हे. माणसातील नॉगिनच्या जनुकात दोष असला, तर बोटांचे सांधे जुळून ताठ राहू शकतात, हे १९९९ साली दिसून आले. वाढीला जोर हवा, तसा आवरही हवा. आपली मूठ वळते, ती या आवरामुळेच.