नोकरीचा दावा आणि वकिलाची निवड
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



चार शब्द सांगण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही कायदेपंडित नव्हे. मॅट्रिक होऊन उरण तालुक्यात छत्तीस वर्षे मुले शिकविली, एवढेच आमचे भांडवल. तथापि एका चुकीची किंमत आमच्या घराने मोजली आहे. ती दुसऱ्या कोणा घरास मोजावी लागू नये, एवढ्याच हेतूने हा विषय घेतला आहे.

आपल्या वाडवडिलांचे दावे जमिनीचे असत. 1933 पासून सुमारे सहा वर्षे चाललेला चरीचा संप खोतीविरुद्ध होता. 1984 च्या जानेवारीत उरण तालुक्यात पाच जणांनी प्राण वेचले, तेही जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठीच. पुढे 1989 मध्ये न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले, आणि शेतांत व मिठागरांत राबणारे हात नोकरीकडे वळले. दाव्यांचे स्वरूप पालटले. वकील निवडण्याची आपली रीत मात्र जुनीच राहिली.

आमचा पुतण्या केंद्र सरकारच्या अखत्यारीतील एका आस्थापनेत नऊ वर्षे कामास होता. जून 2012 मध्ये नोटीस नाही, भरपाई नाही, अशा रीतीने त्यास काढून टाकण्यात आले. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यान्वये, वर्षात 240 दिवस काम केलेल्या कामगारास महिन्याची नोटीस अथवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन दिल्यावाचून कमी करता येत नसे. म्हणजे त्याची बाजू भक्कम होती.

आम्ही त्यास एका परिचित वकिलांकडे नेले. गृहस्थ सज्जन, आपल्याच ज्ञातीतील, सातबाराच्या कज्ज्यांत निष्णात. त्यांनी प्रथम आमचे गाव विचारले, मग नातेसंबंध निघाले, चहा झाला. त्यांनी राज्याच्या 1971 च्या कायद्याखाली कामगार न्यायालयात तक्रार गुदरली. परंतु तो कायदा राज्याच्या अखत्यारीतील उद्योगांपुरता! जानेवारी 2015 मध्ये अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर तक्रार फेटाळली गेली. परतीच्या वाटेवर पुतण्या म्हणाला, ‘‘काका, हरलो असतो तर सोसलं असतं. माझं म्हणणं कुणी ऐकलंच नाही.’’ त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यास उतरून आम्ही मुंबईच्या एका कामगार-वकिलांकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘‘कामावरून काढल्याची तारीख कोणती?’’ तीन वर्षांची मुदत सरण्यास अवघे पाच महिने उरले होते. त्यांनी तत्काळ केंद्राच्या कामगार आयुक्तालयात समेटाचा अर्ज दिला, आणि 45 दिवस उलटताच केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरणात थेट दावा लावला. 2019 मध्ये निम्म्या मागील पगारासह तो कामावर परतला. मात्र मधल्या काळात त्याच्या थोरल्या मुलीची शाळा दहावीतच सुटली होती. जन्मभर परक्यांच्या मुलांना शाळेत टिकविणाऱ्या आम्हांस ती गोष्ट अद्याप सलते.

यावरून जे शिकलो, ते सांगतो. प्रथम, आपला मालक केंद्राच्या कक्षेत की राज्याच्या, हे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. दुसरे, वकिलांनी त्याच न्यायाधिकरणात किती दावे चालविले, हे निःसंकोच विचारावे. विचारण्यात अपमान नाही. तिसरे, समेटाच्या बैठकीत वकिलास स्थान नाही, आणि न्यायाधिकरणातही प्रतिपक्षाची संमती व न्यायाधिकरणाची परवानगी लागते. पारादीप बंदराच्या खटल्यात 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरविले. म्हणून युनियनच्या जाणत्या पदाधिकाऱ्याशीही संबंध राखावा. चौथे, ‘मिळेल त्यात चौथा हिस्सा’ असा फीचा करार वकिली व्यवसायाच्या नियमांस मान्य नाही. तसेच, फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा वकिलास हक्क नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये दिला आहे.

पाचवी गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असते. 1987 च्या विधी सेवा कायद्यान्वये औद्योगिक कामगार मोफत कायदेशीर साहाय्यास पात्र आहे. पैसा नाही म्हणून कोणी घरी बसू नये. अलिबागेस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

आणखी एक इशारा. 1947 च्या त्या कायद्याची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. तीत समेटाची कारवाई विवाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर होऊ शकत नाही. तेव्हा आमच्या कथेतील मुदतींवर विसंबू नये. पत्र हाती पडताच त्याच आठवड्यात जाणत्या वकिलास गाठावे.

बंधुभगिनींनो, ज्ञातीचा जिव्हाळा सुखदुःखात हवाच. आम्ही त्याच जिव्हाळ्यावर वाढलो. परंतु वैद्य आणि वकील निवडताना आडनाव पाहू नये, विद्या पाहावी. आमच्या पहिल्या वकिलांवर आमचा राग नाही. चूक त्यांस विचारणाऱ्या आमची होती. ती आज आपणांसमोर कबूल केली, एवढ्याने मन हलके झाले.